पेशवेकालीन म्हणून आलेलं कलमदान

हे कलमदान म्हणजे लिखाणाची लाकडी पेटी, सातारा जिल्ह्यातल्या एका जुन्या कुलकर्णी, म्हणजे वंशपरंपरेने गावचं दप्तर लिहिणाऱ्या, घराण्यातली. गावाचं नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. वाडा उतरवायला काढला तेव्हा माळ्यावरच्या तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर ती खाली आली. भांड्यांची वाटणी बिनबोभाट झाली, पेटीवर मात्र घोडं अडलं. थोरल्या भावांना ती विकायची होती. एक व्यापारी घरी येऊन, उलटीपालटी करून, "पेशवेकालीन आहे, नाना फडणवीसांच्या वेळचं काम" असं सांगून गेला होता आणि रक्कमही बरी बोलला होता. पॉलिश तो स्वतःच्या खर्चाने करून घेणार होता. बहीण पुण्यात असतात, घरात सगळे त्यांना माई म्हणतात. त्यांना पेटी घरातच हवी होती. न्यू जर्सीतला पुतण्या म्हणत होता, तुमचं जमत नसेल तर मीच घेऊन जातो.

मी लाकडी दौती, कलमदानं आणि लिखाणाचं बारीकसारीक सामान जमवतो, त्यामुळे अशा पेट्या "बघून सांगा" म्हणून माझ्याकडे येतात. माईंचा प्रश्न एवढाच होता: ही खरंच पेशवेकालीन आहे का? विक्री, पॉलिश आणि परदेशवारी, तिन्ही त्या उत्तरावर अडून होतं.

आमच्या पुण्याच्या पंचक्रोशीत जरा काळवंडलेली कुठलीही वस्तू आपोआप पेशवेकालीन होते. नाना फडणवीसांच्या म्हणून मला आजवर दाखवलेल्या दौती एका ओळीत मांडल्या, तर नाना लिहीत कधी होते असा प्रश्न पडेल. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. दावा खरा ठरायचा तर पेटी दोनशे वर्षांच्या पुढची हवी.

पेटी शिसवीची. साधारण सव्वा फूट लांब, झाकण उताराचं, म्हणजे त्यावरच कागद ठेवून मांडी घालून लिहायचं. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. झाकणाच्या चार टोकांना पांढऱ्या पानाफुलांची जडावाची नक्षी, त्यातल्या दोन पाकळ्या निघालेल्या. आत उजवीकडे दौतींसाठी दोन चौकोनी कप्पे, एकात काचेची जाड बाटली, दुसरा रिकामा. पुढे लेखण्यांची लांबट तबकडी, तिच्याखाली एक छोटा खण. सोबत एका फडक्यात बांधलेलं सामान: खरादावर काढलेली गोल लाकडी दौत, लाकडी वाळूदाणी, काळा गोल रूळ, शिंगाच्या मुठीचा चाकू, बोरूची, म्हणजे वेळूसारख्या काडीच्या लेखणीची, दोन थोटकं आणि टाकाची, म्हणजे दांडीला निब लावून शाईत बुडवायच्या लेखणीची, काही गंजलेली निबं.

माईंना पहिलं सांगितलं ते हे की आता फडकं लावू नका. समोरची बाजू त्यांनी आधीच खोबरेल तेलाने पुसली होती. "अहो, निदान आतले शाईचे डाग तरी काढू का? किती घाण दिसतंय ते," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी झाकण लावून पेटी माझ्या बाजूला ओढून घेतली.

वय शोधताना मी नक्षीकडे सगळ्यात शेवटी बघतो. नक्षीची नक्कल होते, जुनी नक्षी नव्या पेटीवर येते. स्क्रू सहसा खोटं बोलत नाही. बिजागरीचा एक स्क्रू आधीच ढिला होता, तो हाताने बाहेर आला. टोक अणकुचीदार, आटे एकसारखे, डोक्यावरची खाच बरोबर मध्यावर. टोकदार लाकडी स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणावर निघू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्याआधीच्या स्क्रूचं टोक बोथट असायचं, सुताराला आधी भोक पाडून मग तो पिळावा लागे, आणि खाच कानशीने घासलेली म्हणून बऱ्याचदा एका बाजूला सरकलेली. म्हणजे हा स्क्रू पेशवाईतला नक्की नाही. आता कुणी म्हणेल, बिजागरी नंतर बदलली असेल. रास्त शंका आहे, आणि ती तपासता येते. बदललेल्या बिजागरीखाली जुनी भोकं बुजवलेली सापडतात, किंवा वेगळ्या आकाराच्या बिजागरीची सावली लाकडावर उमटलेली असते. इथे दोन्ही नव्हतं. बिजागरीखालचं लाकूड फिकं, आणि त्या फिकटपणाची कड बिजागरीच्या कडेशी तंतोतंत जुळणारी.

खण बाहेर काढून उलटा केला. तळाची फळी रंधा न मारलेली, तिच्यावर करवतीच्या खुणा होत्या आणि त्या सरळ नव्हत्या, कमानीसारख्या वाकलेल्या होत्या. हाताने ओढलेली करवत सरळ रेघा ठेवते, गोल फिरणारं पातं कमानी ठेवतं. कोपऱ्यांचे एकमेकांत गुंतवलेले दाते मात्र हाताने कापलेले, प्रत्येकाची रुंदी थोडी वेगळी, आणि आखणीची बारीक रेघ अजून दिसते. गिरणीत चिरलेल्या फळ्या आणून गावच्या किंवा तालुक्याच्या सुताराने निगुतीने केलेलं काम, असा माझा अंदाज. बाटलीच्या दोन्ही अंगांनी साच्याची शिवण खांद्यापर्यंत येते आणि तिथे थांबते. ओठ वेगळा, हाताने वळवलेला. अमेरिकेत ओवेन्सचं आपोआप बाटल्या करणारं यंत्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलं, त्यानंतरच्या यंत्राच्या बाटल्यांवर शिवण ओठावरून पार जाते. बाटली ही कुठूनही येऊन बसू शकणारी वस्तू, म्हणून तिच्यावर एरवी मी भिस्त ठेवत नाही. पण कप्प्याच्या तळाला तिच्या बुडाच्याच मापाचा ठसा खोलवर उमटला होता.

एवढ्यावर पेशवाईचा प्रश्न मिटला. पण या पेटीची खरी गोष्ट माई ज्याला घाण म्हणत होत्या त्यातच होती.

भिंग घेऊन कप्प्यांच्या कडा आणि लेखण्यांची तबकडी बघत गेलं की डागांचे थर वेगळे होत जातात. सगळ्यात खाली काळा, निस्तेज थर. एका कोपऱ्यात ओलसर कापसाचं टोक टेकवलं तर लगेच काळं उतरलं: काजळाची शाई. दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक खलात घोटून घोटून करायची ती. पाण्याने निघते, पण उन्हाने उडत नाही, कागदही खात नाही. मोडी दप्तरांतली अक्षरं अजून काळीभोर दिसतात ती हिच्यामुळे. त्यावर तपकिरी, गंजाची झालर असलेले डाग. ही हिरडा आणि हिराकशीची शाई. तिच्यातलं लोह लाकडातल्या द्रव्याशी संयोग पावून आत मुरतं, म्हणून धुऊन ती जात नाही आणि पॉलिशवाला सरळ काचकागद घेतो. हीच शाई लोखंडी निब खाते, फडक्यातली निबं का झिजली होती ते त्यावरून कळलं. आणि या दोन्हींच्या वर, रिकाम्या कप्प्याच्या भिंतीवरून ओघळलेला, झगझगीत जांभळा डाग.

जांभळा रंग हा तारीख सांगणारा साक्षीदार आहे. लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन प्रयोगशाळेत क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती डांबरापासूनचा जांभळा रंग लागला, ते साल १८५६. त्यानंतर अशा रंगांची रांग लागली आणि त्यांच्या शाया बाजारात आल्या. आपल्याकडे पुडी किंवा वडी पाण्यात विरघळवून केलेली जांभळी शाई शाळांत आणि कचेऱ्यांत कितीतरी वर्षं चालली. आमच्या आधीच्या पिढीच्या बोटांना ती लागलेली आहे.

आता तबकडी. तिच्या एका टोकाला बारीक ओरखड्यांचं जाळं होतं, टाकाचं निब रोज टेकवून पडलेलं. ओरखडे काळ्या थराला कापत गेलेले, तपकिरी शाई त्यांच्यात भरलेली. म्हणजे काळी शाई आधी, निब नंतर. बोरूचं टोक तिरपं कापलेलं आणि बोथट असतं, ते लाकडाला असं ओरबाडत नाही. या पेटीने बोरूही पाहिला आणि टाकही. बर्मिंगहॅममध्ये पोलादी निबांचे कारखाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच धडाक्याने सुरू झाले होते, पण म्हणून गावच्या कुलकर्ण्याने दुसऱ्या दिवशी बोरू टाकून दिला नाही. मोडीला बोरूच बसतो. एका दमात, हात न उचलता लिहायची लिपी ती, टाकाने तिला वळण येत नाही. व्यापाऱ्याने पेशवाईचा निष्कर्ष बहुधा बोरूच्या थोटकांवरून काढला असावा. तो तर्कच चुकीचा आहे.

खणाच्या तळाला कागदाचं अस्तर डकवलेलं होतं, एका कोपऱ्यात सुटलेलं. मोडी वाचणाऱ्या एका स्नेह्याने ते वाचलं: वसूल-बाकीचा हिशेब आणि शके १८०६, म्हणजे इसवी १८८४-८५. अस्तर म्हणून रद्दीच वापरतात, तेव्हा ते त्यानंतर कधीतरी लावलं गेलं एवढंच ठामपणे म्हणता येतं. कागदाखालचं लाकूड मात्र कोरं होतं, हाताळल्याचा मळ नव्हता. खणात शाई सांडत नाही, त्यामुळे हा पुरावा दुबळा. पण तोही त्याच दिशेला बोट दाखवतो. माझा निर्णय: पेटी १८८० ते १९०० च्या दरम्यानची. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं, त्यानंतर पाहणी, आकारणी, पावत्या, नकला यांनी गावच्या लिखाणाला जो ऊत आला त्या काळातली. अशी पेटी कुलकर्ण्याला शोभेसाठी नको होती, तिच्याशिवाय त्याचं पानच हललं नसतं. आणि तिचं काम कधी थांबलं तेही सांगता येतं. कुलकर्णी वतनं रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५० साली झाला, गावचं दप्तर तलाठ्याकडे गेलं. पेटी माळ्यावर.

डागांपैकी एक शाईचा नव्हता. झाकणाच्या आतल्या बाजूला, डाव्या हाताला, कुंकवाचं स्वस्तिक. एकावर एक काढलेलं, इतक्या वेळा की कुंकवाला जाडी आली होती. त्याच्या बाजूला हळदीचं बोट आणि चिकटून राहिलेला एक तांदळाचा दाणा. लक्ष्मीपूजनाला वह्या आणि दौत-लेखणी पुजायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. इथे तिची वर्षानुवर्षांची नोंदच झाकणाला लागलेली होती. हे मी माईंना दाखवलं तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "हे काढणारे हात आजीचे, आजोबा नुसते पाटावर बसायचे." पॉलिशवाल्याचा काचकागद पहिल्यांदा याच जागेवर फिरला असता.

बाकीचं सामान. गोल दौत ओंजळीत मावेल एवढी, आत बसवलेली काचेची वाटी, वाटीत दगडासारखा सुकलेला चिंधीचा बोळा. हा बोळा लोक कचरा म्हणून उपटून काढतात. दौतीत तो मुद्दाम ठेवायचे: शाई चिंधीत जिरलेली राहते, बोरू तिच्यावर टेकला की हवी तेवढीच उचलतो, आणि दौत कलंडली तरी दप्तराचा सत्यानाश होत नाही. दौतीच्या कडेला लेखण्या उभ्या करायला चार भोकं आहेत. ही मांडणी पिसाच्या लेखणीच्या जमान्यातली, पाश्चात्त्य. अमेरिकेत कनेटिकटमधल्या चेस्टर गावी सिलिमन कंपनी अशाच लाकडी, आत काच बसवलेल्या दौती करायची आणि बुडाला कागदी चिठ्ठी डकवायची. त्या जगभरचे संग्राहक जमवतात. आपल्या दौतीच्या बुडाला चिठ्ठी नाही, चिठ्ठीच्या गोंदाची खूणही नाही, आणि भोकं पिसासाठी फार मोठी आहेत. बोरूचं थोटकं मात्र घट्ट बसतं. कुठल्यातरी साहेबाच्या टेबलावरची दौत बघून इथल्या खरादीने ती बोरूच्या मापाने केली असावी, असं मला वाटतं, आणि या सगळ्या ऐवजात मला सर्वांत मोलाची वस्तू तीच वाटते. वाळूदाणीत चिमूटभर बारीक वाळू शिल्लक होती. टीपकागद येण्याआधी ओल्या अक्षरांवर ती भुरभुरायची. जुने मोडी कागद उलगडले तर घडीतून अजून तिचे कण पडतात. रूळ ओळी आखायचा, आणि उमेदवार कारकुनाच्या पाठीवरही चालायचा, असं ऐकिवात आहे.

पांढऱ्या नक्षीबद्दल व्यापारी "हस्तिदंत" म्हणाला होता. भाव वाढवायला म्हणाला असेल, पण त्या एका शब्दाने सगळी विक्रीच बेकायदा ठरली असती. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू पणजोबांच्या वेळची आहे ही सबब चालत नाही. दहापट भिंगाखाली पाकळ्यांवर बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेषा दिसल्या. हाडातून रक्तवाहिन्या जातात त्यांच्या त्या नळ्या. हस्तिदंतात त्या नसतात. आडव्या छेदात त्याच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. इथे हाड होतं. सुटका झाली.

पुतण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा होता, उत्तर त्याला आवडलं नाही एवढंच. १९७२ चा पुरावशेषांचा कायदा १९७६ पासून अमलात आहे. त्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत कपड्यांखाली घालून नेणारे आहेत, मला माहीत आहे. पकडलं गेलं की वस्तूही जाते आणि अब्रूही. त्याच कायद्याने अशा वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. थोरल्या भावांना मी इतकंच सुचवलं की त्या गृहस्थांचा परवाना बघायला मागा. त्यांनी फोन केला. दोन दिवसांत कळवतो म्हणाले ते व्यापारी, आणि कळवलं नाही.

विकूच नये असं माझं म्हणणं नव्हतं. घरात जागा नाही, पैशाची निकड आहे, मुलांना रस नाही, तर चांगल्या हाती विकणं माळ्यावर कुजवण्यापेक्षा बरं. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात चांगले जाणकार विक्रेतेही आहेत. भावांनी मलाच विचारलं, "तुम्ही घेता का?" घ्यायची इच्छा होती, नाही म्हणवत नाही. पण ज्याने वय आणि किंमत सांगायची त्यानेच बोली लावायची, हे माझ्या हिशेबात बसत नाही. तपासणीला आलेली वस्तू मी घेत नाही.

मग जपणुकीचं काम. पेटी काळ्या कागदावर ठेवली आणि काही आठवडे वाट पाहिली. भुंग्याची कीड जिवंत असेल तर कागदावर पिठासारखा ताजा भुसा पडतो. पडला नाही. शिसवीच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, पण खणाची फळी हलक्या लाकडाची होती, धास्ती तिचीच. मऊ कुंचल्याने कोरडी धूळ काढली, बस. जवसाचं तेल लावू नका हे निक्षून सांगितलं: ते चिकट राहतं, धूळ धरतं आणि लाकूड काळं करत जातं. सुटलेल्या पाकळ्या भावांनी फेव्हिकॉलने चिकटवायला घेतल्या होत्या, ते थांबवून सरस, म्हणजे सुतारांचा जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा जुना डिंक, वापरला. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, उद्या कुणाला दुरुस्ती करायची झाली तर हाडाचे तुकडे पडत नाहीत. अस्तराचा कागद होता तिथेच ठेवला, फोटो काढून आणि वाचन लिहून. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळायला सांगितलं. पुण्याच्या पावसाळ्यात ती भिंत ओल धरते, आणि डिंकाच्या शाईला बुरशी धरायला तेवढं पुरतं.

पेटी आता माईंकडे आहे. भावंडांनी आपसांत लिहून ठेवलंय की सामान फोडायचं नाही, आणि पुढच्या पिढीला नको झालं तर ते सबंध एखाद्या संग्रहालयाला द्यायचं. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवून पुण्यात संग्रहालय उभं केलं, म्हणून ही कल्पना इथल्या घरांना नवी नाही. पुतण्याने प्रत्येक वस्तूचे उत्तम फोटो काढून नेले, तबकडीच्या ओरखड्यांसकट.

थोरल्या भावांची मात्र एक हौस राहिली होती. रिकाम्या कप्प्यात जोडीची बाटली बसवली तर पेटी पुरी दिसेल, असं त्यांचं म्हणणं. मी नको म्हटलं: जांभळा ओघळ त्याच कप्प्याच्या भिंतीवर आहे, नवी बाटली आत-बाहेर होताना तो घासला जाणार, आणि चाळीस वर्षांनी बघणारा तीच मूळ बाटली समजणार. तरी ते एका रविवारी जुन्या बाजारातून जवळपास त्याच मापाची बाटली घेऊन आलेच. ती पेटीशेजारी, पेटीबाहेर ठेवली आहे, गळ्यात माईंच्या अक्षरातली चिठ्ठी बांधून: "नंतर विकत घेतलेली. पेटीतली नव्हे."